घरटी एक माणूस

बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मूल गावच्या मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. दाराशी आमच्या शेजारचा शिवराम उभा दिसला. गुडघ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर भिजलेलं पोतं. आत यायला तो कचरत होता. मीच बाहेर गेले.

"शेवंताबाई, चाला. भाऊ गेले."

"कुठं गेले?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

तो खाली बघत म्हणाला, "मालकाच्या बांधीत. रोवणा करता करता पडले. हातात रोपं होती तशीच."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. पहिली आली ती लाज. सगळ्या जगाला माहीत आहे की मालगुजारी गेली, वेठ गेली, कायदा होऊन इतकी वर्षं झाली. आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईचा बाप मालकाच्या धानाच्या बांधीत वेठीवर राबताना मेला... हे मी कोणाला कसं सांगणार होते? रजा मागायला गेले तर मोठ्या बाईंनी मायेनं पाठीवर हात ठेवला आणि कसं झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेतात काम करताना. त्या म्हणाल्या, "तुमचं शेत आहे वाटतं गावाकडे?" मी हो म्हणाले. आमचं शेत कधीच नव्हतं. आम्ही तळ्यावर मासे धरून जगणारी ढिवराची माणसं. बाप मरून दोन घटकाही झाल्या नव्हत्या आणि मी त्याच्या नावावर शेत करून दिलं होतं.

दुपारच्या मोटारीत शिवराम माझ्यापासून लांब, मागच्या बाकावर बसला. मी खिडकीतून बघत होते. दोन्हीकडं पाण्यानं भरलेल्या बांध्या, धानाची खाचरं, त्यात वाकलेल्या बायका. बाबांबद्दल काही आठवावं असं वाटत होतं, पण आठवत होता तो फक्त त्यांचा आवाज.

आमच्या घराण्यात सगळ्यांचेच आवाज मोठे. तळ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या डोंग्याला हाक मारायची तर आवाज लागतोच. पण बाबांचा वेगळा होता. तो पाण्यावरून घसरत जायचा आणि पलीकडच्या झाडीला लागून परत यायचा. त्या आवाजामुळंच मालकांनी त्यांना तरुणपणी बोलावून घेतलं. मालक म्हणजे आमच्या गावचे मालगुजार. गाव त्यांचं, तळं त्यांचं, तळ्याखालच्या चांगल्या बांध्या त्यांच्या. पावसाळ्यात रोवण्याची, धानाची रोपं लावायची वेळ आली की आधी मालकाच्या बांध्या लागायच्या, मग गावाच्या. त्यासाठी प्रत्येक घरातून एक माणूस जायचं. मोबदला काही नाही, दुपारी आंबील मिळायची. त्या दिवसांत पहाटे गल्लीगल्लीतून हाक द्यायचं काम बाबांचं. "चाला होऽऽ... मालकाचा रोवणा हाये होऽऽ... घरटी एक मानूस चाला होऽऽ..." ती हाक ऐकून गावातली कोंबडी जागी होत, असं माय म्हणायची. आणि हाक देणाऱ्याचं घर तेवढं माफ होतं. आमच्या घरून कधी कोणी मालकाच्या चिखलात उतरलं नाही. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटे. गावातल्या सगळ्या पोरींच्या आया पहाटे पदर खोचून निघत, आणि माझी माय चुलीपुढं निवांत बसलेली असे.

मालक वाईट होते असं कोणी म्हणत नसे. आजही म्हणणार नाही. त्यांनी कोणाला मारलं, शिवी दिली, असं मी ऐकलं नाही. ते हळू बोलत. रस्त्यात भेटलं की प्रत्येक पोराला नावानं हाक मारत. कोणाकडे भांडण झालं की दोघंही त्यांच्याच ओसरीवर जात आणि तिथून समाधान पावून येत. मी चवथी पास झाले तेव्हा त्यांनीच बाबांना म्हटलं, "डोमा, पोरगी हुशार आहे. मूलला तुझी मेहुणी आहे ना? तिच्याकडे ठेव, शिकव." शाळेत त्यांनीच शब्द टाकला. मी मास्तरीण झाले ती अशी. म्हणजे मी ज्या तोंडानं आज मालकांबद्दल बोलते, त्या तोंडाला अक्षर शिकवायची वाटही त्यांच्याच ओसरीवरून गेली. हे मला विसरता येत नाही. विसरता आलं असतं तर कदाचित बाबांना लवकर ओळखलं असतं.

शिवरामची बायको पार्वता. आमच्या आणि त्यांच्या घरात एक कुडाची भिंत. कायदा व्हायच्या आधीची गोष्ट आहे. त्या पावसाळ्यात शिवराम हिवतापानं अंथरुणाला खिळला होता, आणि पार्वताबाईचे दिवस भरत आले होते. मायनं आदल्या संध्याकाळी बाबांना हे सांगितलं होतं. पहाटे बाबा हाक देत गल्लीत शिरले. त्या दारापाशी काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. म्हणाले, "मी तिच्या दारी आवाज बारीक केला, शेवंता. तेवढंच माह्या हाती हाये असं मले वाटलं." आवाज बारीक केला, पण हाक दिली. दार उघडलं आणि पार्वताबाई कमरेवर एक हात ठेवून बाहेर आली. बाबा पुढच्या दाराकडं गेले.

दुपारच्या आत ती बांधावर मोहाच्या झाडाखाली बाळंत झाली. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. मुलगा होता. तो रडलाच नाही. मालकांना कळलं तसं त्यांनी स्वतःचा छकडा पाठवला, तिला घरी पोचवलं. मग तूप धाडलं, गूळ धाडला, बारशाला द्यायचं तसं नवं लुगडं धाडलं. गाव महिनाभर त्या लुगड्याबद्दल बोलत होतं. इतकं कोण करतं गरिबासाठी... पोराबद्दल कोणी बोललं नाही. बाबा तिच्या दारी गेले, ओट्यावर खाली बसले. पार्वताबाईनं आतूनच म्हटलं, "तुमी का कराल भाऊ? तुमचं कामच ते." बाबांना तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून घरात बोलतानाही त्यांचा आवाज खाली गेला. सुट्टीत मी घरी आले की वाटायचं, घसा दुखतो की काय यांचा. रोवण्याच्या पहाटेची हाक सोडली तर बाबांचा मोठा आवाज कोणी ऐकलाच नाही.

मग कायदा आला. चांद्याहून एक सरकारी माणूस सायकलवर आला. चिंचेखाली सगळ्यांना बसवून त्यानं वाचून दाखवलं की मालगुजारी संपली, तळं सरकारजमा झालं, आता वेठीला कोणी कोणाला बोलवायचं नाही, कोणी जायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मालकही तिथंच खुर्चीवर बसले होते, त्यांनीही मान डोलावली. मग त्या माणसाला घरी नेऊन जेवू घातलं. पुढच्या पावसाळ्यात मालकांनी निरोप दिला नाही. द्यावा लागलाच नाही. पाऊस पडला, रोपं हातभर झाली, बाबा पहाटे उठले, आणि हाक दिली. लोक निघाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ते त्यानंतरच्या आषाढात. मला शेवटचा महिना लागला होता. पाय सुजलेले, दोन पावलं चाललं की दम लागायचा. रोवण्याच्या पहाटे मी जागीच होते. बाबा उठले, धोतर आवरलं, खांद्यावर घोंगडी टाकली. दाराशी जाऊन ते परत आले आणि माझ्या अंथरुणाजवळ उभे राहिले. मी झोपेचं सोंग घेतलं. ते बराच वेळ तसेच उभे होते. मग बाहेर गेले. आणि थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी ती हाक उठली, त्या आवाजाला कधी नव्हता असा जोर होता.

"आज कोनी जाऊ नोका होऽऽ... सरकारचा हुकूम हाये होऽऽ... आपापल्या घरी राहा होऽऽ..."

माय चुलीपुढून धावत बाहेर आली. "काय होऊन राह्यलं ह्यायले?" ती मला म्हणाली. मी भिंतीला धरून उठले आणि दाराशी गेले. उजाडत होतं. बाबा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत तेच सांगत फिरत होते. दारं उघडत होती, माणसं बाहेर येत होती, ऐकत होती. मला वाटलं, आता आत जातील. पण बायकांनी पदर खोचले, बाप्यांनी डोक्यावर पोती घेतली, आणि दरवर्षीसारखी सगळी माणसं तळ्याच्या खालच्या बाजूला चालू लागली. कोणी घाई केली नाही, कोणी वाद घातला नाही. त्या रांगेत सगळ्यांत पुढं पार्वताबाई होती.

बाबा वाटेवर आडवे उभे राहिले. एकेकाला विचारू लागले, "अरे, काऊन चाल्ले? कोनी बोलावलं तुमाले?" एक म्हणाला, "मालकाले वाईट वाटन, भाऊ." दुसरा म्हणाला, "सगळे बसले तं मी बी बसतो. पयले सगळे बसू दे." आणि एक म्हातारा, ज्यानं बाबांना पोहायला शिकवलं होतं, तो थांबून शांतपणे म्हणाला, "डोमा, तुह्या घरचं कोनी जात नाई. तुले सांगाले का लागते?" पार्वताबाई बाबांच्या शेजारून गेली, पण तिनं वर बघितलं नाही.

बाबा घरी येऊन भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी मी जे केलं ते त्यांच्या जाण्यानंतर रोज आठवतं. गावात एकच सुईण होती, आणि तिचा मुलगा मालकाच्या गोठ्यावर होता. ती आली नाही तर? मायनं बोलून दाखवलं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, माझं बाळंतपण होऊ द्या. मग काय करायचं ते करा. आज जाऊन मालकाला एकदा सांगून या, चुकलं म्हणून." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझ्यावर रागवायला जागा होती. माझ्याकडे बघूनच तर ते बोलले होते. पण ते फक्त म्हणाले, "हो. तुहं बी खरं हाये." आणि उठले.

आल्यावर त्यांनी मायला जे सांगितलं ते मी ऐकलं. मालक रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "डोमा, पोरगी बाळंतपणाला आली, तुझा जीव तिच्यात अडकला, म्हणून काहीबाही तोंडातून गेलं. मी मनावर घेत नाही. तू थकलास. पुढच्या सालापासून तुळशीराम हाक देईल. आणि तुझ्या घरचं कोणी येऊ नको. तू आहेस तोवर तुझं घर माफ." वर माझ्यासाठी तुपाचा डबा दिला. बाबांनी तो मायच्या पुढं ठेवला आणि तळ्याकडं निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावात झालं की डोमानं बरोबर डाव साधला, हाक द्यायचा त्रासही गेला आणि माफीही राहिली. बाबांच्या त्या पहाटेच्या बोलण्याला कोणी कधी खरं मानलंच नाही, आणि ते खोटं ठरवायला त्यांना ओसरीवर पाठवणारी मी होते. त्या तुपाचे लाडू मी खाल्ले. चांगले झाले होते.

सुईण आली. मुलगी सुखरूप झाली. पार्वताबाई रोज येऊन तिला तेल लावायची, न्हाऊ घालायची. तिला पुन्हा मूल झालं नव्हतं. पायांवर पोर उताणी घेऊन ती इतक्या हळू चोळायची की पोर तिथंच झोपून जाई. एक दिवस माय पाण्याला गेली होती. मी धीर करून विचारलं, "पार्वताबाई, तुम्ही तरी त्या दिवशी जायला नको होतं. बाबा तुमच्यासाठीच..."

तिचे हात थांबले नाहीत. तिनं पोरीच्या पायांना तेल लावलं. मग म्हणाली, "शेवंता, खरं सांगू का? भाऊनं हाक देल्ली का जाऊ नोका, तवा माह्या मनात आलं... न जाता येते, तं मंग मी तवा काऊन गेली? आज मी घरी बसली, आन काई झालं नाई, मालक काई बोलले नाई, सारं जसंच्या तसं राह्यलं, तं माहं लेकरू उगाच गेलं ना बाई. जा लागते, म्हनून ते गेलं. असं हाये तवरच मले झोप लागते."

माझ्या मुलीला तिनं पालथं केलं आणि पाठीला तेल लावू लागली. शाळेत मी पोरींना सांगते की लोक अडाणी आहेत म्हणून सोसतात, शिकले की सोसणार नाहीत. मोटारीतून गावाबाहेर पडले की मलाही तसंच वाटतं. पण त्या दुपारी माझ्यासमोर बसलेली बाई अडाणी नव्हती. तिनं सगळं पाहिलं होतं, सगळं ताडलं होतं. तिला कायदा कळला होता, म्हणूनच तो तिला नको होता.

हे मी बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, तिचा त्यांच्यावर राग नाही हे त्यांना कळेल. ते जाळं विणत बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

पुढच्या पावसाळ्यात तुळशीरामनं हाक दिली. हिवतापानंतर शिवरामला बांधीत वाकणं झेपत नसे, म्हणून पार्वताबाईच दार उघडून बाहेर आली तर ओट्यापाशी बाबा उभे. डोक्यावर पोतं, धोतर वर खोचलेलं. म्हणाले, "तू घरी राह्य. तुह्या घरचं मानूस म्हनून मी जातो." ती नको नको म्हणत त्यांच्या मागं बांधीपर्यंत गेली. पण घरटी एकच माणूस लागतं, दुसऱ्याचं काम नाही. बायकांनीच तिला परत पाठवलं. मायनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. तिला वाटत होतं बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. ज्यानं गावाला जाऊ नका म्हटलं, ज्याचं घर माफ, तो आपल्या पायानं जाऊन चिखलात उभा राहतो... लोक बांधावर बसून हसत. मालकांनी एकदा दुरून पाहिलं आणि तेही हसले म्हणे.

त्यानंतर दर पावसाळ्यात ते गेले. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, मूलला नवी भाताची गिरणी झाली, माझी मुलगी चालायला, बोलायला लागली, आणि बाबा दर आषाढात शिवरामच्या घरचं माणूस होऊन रोवण्याला जात राहिले. वाकायला त्रास होई. ढिवराचा माणूस, रोपं लावायची सवय नाही. त्यांची ओळ वाकडी जायची, बायका मागून नीट करून घेत. मला हे सगळं मूलमध्ये ऐकू येई. माझ्या नवऱ्याला कोणीतरी बाजारात विचारलं, तुमचे सासरे अजून वेठीला जातात म्हणे? त्या दिवाळीला मी घरी जाऊन बाबांवर तोंड सोडलं. "तुम्हीच म्हणाला होता ना जाऊ नका म्हणून? मग आता म्हातारपणी हे काय? लोक मला हसतात." ते जेवत होते. म्हणाले, "मी मालकासाठी नाई जात, शेवंता." मी म्हटलं, "मग कोणासाठी?" त्यांनी भाताचा घास कालवला, थोडा वेळ हातात तसाच धरला, मग तोंडात घातला. मी उत्तराची वाट बघितली नाही. उठून अंगणात गेले. त्यांच्याशी मी अगदी शेवटचं असं काय बोलले ते शोधत गेले की हेच सापडतं. त्यानंतर पत्रं झाली, एकदा पोळ्याला भेटही झाली, पण मनातून मी त्या अंगणातच उभी होते.

मोटार गावाच्या फाट्यावर थांबली तेव्हा पाऊस उघडला होता. बाबांना बांधीतून आणून घरासमोर ठेवलं होतं. कोणीतरी त्यांचे पाय धुतले होते, पण नखांत माती तशीच होती. मी आता रडले. थोड्या वेळानं गर्दी हलली, वाट झाली. मालक आले होते. छकड्यातून नाही, चिखल तुडवत, पायी. म्हातारे झाले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बाबांच्या उशाशी उभे राहून खरोखर रडले. "माझा आवाज गेला रे," असं म्हणाले.

मोटारीत बसल्यापासून मी त्यांच्याशी काय बोलायचं ते जुळवत आले होते. शब्द तयार होते, आणि माझ्याकडे शब्दांची कमी नाही. मी उठून उभी राहिले. पदर सावरला. आणि माझ्या तोंडून आलं, "बसा मालक." आत जाऊन मीच त्यांच्यासाठी पाट आणला, तांब्या भरून पाणी आणलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बरं वाटलं. हे सर्वात वाईट. त्या हाताखाली मला खरंच बरं वाटलं.

तेरवी झाली. माझी रजा संपत आली होती, दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं निघायचं होतं. बाबा गेल्यामुळं मालकाचा रोवणा तेव्हा अर्ध्यावर थांबला होता. त्या पहाटे तुळशीराम उरलेल्या बांध्यांसाठी हाक देत आला. त्याचा आवाज साधा, चारचौघांसारखा. तो एकेक दार घेत आमच्या गल्लीत शिरला, आणि आमच्या दारापाशी थांबला. इतक्या वर्षांत त्या दारी कधी कोणी थांबलं नव्हतं. बाबा होते तोवर घर माफ होतं. आता बाबा नव्हते. तो जरा ओशाळून म्हणाला, "काकी, घरटी एक मानूस..."

माय उठली. मला वाटलं ती रडेल, काहीतरी म्हणेल. पण तिनं अंथरूण गुंडाळलं, चुलीवरचं पाणी उतरवलं, पदर घट्ट खोचला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर गावातल्या बायका सोबत चिखलात गेल्या, सोबत दमून आल्या, आणि ही एकटी चुलीपाशी राहिली. त्या माफीचं ओझं तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती मला म्हणाली, "येतो जाऊन. एकदाची आपल्या घराले बी हाक आली." मी दारात उभी होते. मी तिला थांबवलं नाही. माझ्या मनात त्या वेळी हेच आलं की ती एकटी इथं राहणार, तळं कागदावर सरकारचं झालं तरी जाळं टाकायचं तर मालकांची मर्जी लागते, उगाच वाईटपणा कशाला... मी बाजूला सरले आणि तिला वाट करून दिली.

शेजारचं दार उघडलं. पार्वताबाई डोक्यावर पोतं घेऊन बाहेर आली. तिनं अंगणात उतरलेल्या मायला पाहिलं. उघडं कपाळ, खोचलेला पदर. ती जागच्या जागी उभी राहिली. तुळशीरामनं दोघींकडं पाहिलं आणि म्हटलं, "चाला, उजाडून राह्यलं."

पार्वताबाईनं डोक्यावरचं पोतं काढलं. ते घडी करून हातात घेतलं. मग आमच्या अंगणात आली, मायचा खोचलेला पदर स्वतःच्या हातानं सोडला आणि तिला धरून ओट्यावर बसवलं. स्वतः तिच्याजवळ बसली.

"काकी?" तुळशीराम म्हणाला.

"आमी नाई येत," पार्वताबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर बघत होती. मग ती रडू लागली. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. बाबांसाठी नाही, मोहाखालच्या त्या लेकरासाठी रडत होती, हे मला कळलं, मायलाही कळलं असावं. मायनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तुळशीराम थोडा वेळ घोटाळला आणि पुढच्या दाराकडं गेला. गल्लीतून माणसं निघाली, आमच्या अंगणासमोरून गेली. काहींनी वळून पाहिलं. कोणी थांबलं नाही.

मी अजूनही दारातच होते. ओट्यावर त्या दोघींच्या शेजारी जागा होती.